पगाराच्या पलीकडची कमाई आणि आपलं रिटर्न

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात जून २०२५ मध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वेगळा उल्लेख नसेल तेथे यातील दर व मर्यादा आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी आहेत.)



'आयकर' हा शब्द ऐकला की निम्मी मंडळी चहा पिऊन सटकतील, अशी पैज आपल्या खजिनदारांनी माझ्याशी लावली होती. ते पैज हरले आहेत, याची इतिवृत्तात नोंद व्हावी.

विषय साधा आहे. पगार किंवा पेन्शन सोडून घरात जी कमाई येते, ती रिटर्नमध्ये कशी दाखवायची? करसल्लागार म्हणून मी तीसेक वर्षं काम करतो आहे. पगार दाखवायला कुणी विसरत नाही, कारण ऑफिसातून फॉर्म १६ हातात पडतो. राहून जाते ती बाकीची कमाई.

आपल्या इमारतीचंच बघा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो, तेव्हा बहुतेक घरांत एक पगार होता. बँक, रेल्वे, महापालिका, शाळा, एखादी कंपनी. आज एका घरात दहावीच्या शिकवण्या चालतात, दुसऱ्या घरातून दुपारचे डबे जातात. कुणाचा मुलगा आयटी कंपनीत आहे आणि शनिवार-रविवारी लोकांच्या वेबसाइट करून देतो. निवृत्त इंजिनिअर साहेब सल्ला देतात, कुणी विम्याचं काम करतं, कुणाचा दुसरा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. आणि एफडी तर घरटी आहे. पुढे जी उदाहरणं देणार आहे ती कुणा एकाची नाहीत, आकडेही हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत. तेव्हा कृपा करून शेजारच्या खुर्चीकडे वळून पाहू नका.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज: 'टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला.' तसं नाही. टीडीएस ही उचल आहे. तुमचा खरा कर किती हे पैसे देणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो एक ठरावीक टक्का कापून सरकारकडे जमा करतो. बँक एफडीच्या व्याजावर साधारण १० टक्के कापते. तुम्ही ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर उरलेला फरक तुम्हीच भरायचा. आणि तुमचा कर शून्य असेल तर कापलेले पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच.

दुसरा गैरसमज: 'टीडीएस कापलेला नाही, म्हणजे कुणाला कळायचं नाही.' २०२१ च्या नोव्हेंबरपासून आयकराच्या पोर्टलवर एआयएस नावाचं पत्रक मिळतं. वार्षिक माहिती पत्रक म्हणा ना. त्यात बँकेचं व्याज, शेअरचा लाभांश, म्युच्युअल फंडाची खरेदी-विक्री, मालमत्तेचे मोठे व्यवहार, कापलेला टीडीएस असं बरंच काही असतं. ते तुमच्या नावानं तयार असतं, तुम्ही उघडून बघा किंवा न बघा. अर्थात, एआयएसमध्ये नसलेली कमाई करमुक्त होते असंही नाही. डब्याचे रोख पैसे त्यात दिसणार नाहीत, परदेशी ग्राहकानं पाठवलेलं मानधनही कदाचित दिसणार नाही. तरी ते उत्पन्नच आहे आणि ते आपण होऊन दाखवायचं आहे.

तिसरा गैरसमज सगळ्यात ताजा. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतर मला किमान वीस जणांनी विचारलं, 'आता बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?' यात दोन गोष्टींची गल्लत आहे. एक, बारा लाखांची सवलत १ एप्रिल २०२५ नंतरच्या उत्पन्नासाठी आहे. आता आपण रिटर्न भरतोय ते त्याआधीच्या वर्षाचं, म्हणजे २०२४-२५ चं. त्या वर्षासाठी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही सूट म्हणजे कर आधी मोजून मग माफ केलेला असतो. रिटर्न भरायचं की नाही, हे या सुटीवर ठरत नाही. ते मूळ मर्यादेवर ठरतं. २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत ती ३ लाख आहे आणि चालू वर्षासाठी ४ लाख. म्हणजे वर्षाला पाच लाख कमावणाऱ्याचा कर शून्य, पण रिटर्न भरणं बंधनकारक.

कमाई कोणत्या कप्प्यातली?

आयकराच्या दृष्टीनं कमाईचे पाच कप्पे आहेत: पगार, घरापासूनचं उत्पन्न, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर मार्ग. पेन्शन पगाराच्या कप्प्यात जाते. एफडीचं व्याज आणि लाभांश 'इतर मार्गां'त. फ्लॅटचं भाडं घराच्या कप्प्यात. शिकवण्या, डबे, सल्ला, डिझाइन, अनुवाद, विम्याचं कमिशन हे सगळं धंदा-व्यवसायात.

आता तुम्ही म्हणाल, कप्पा कुठलाही असो, रक्कम दाखवली म्हणजे झालं. तसं होत नाही. वेबसाइट करणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. पगार ९ लाख. बाहेरच्या एका कंपनीकडून वर्षभरात २ लाख ४० हजार मिळाले. त्या कंपनीनं १० टक्के म्हणजे २४,००० टीडीएस कापला. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर राहिले ८,२५,०००. त्यावरचा कर, उपकर धरून, ३३,८०० रुपये. तो ऑफिसनं कापलेला आहे.

हा मुलगा घाईघाईत आयटीआर-१ भरतो आणि वरचे २ लाख ४० हजार 'इतर मार्गां'त टाकून मोकळा होतो. एकूण उत्पन्न झालं १०,६५,०००, कर ६२,१४०. दोन्ही टीडीएस मिळून ५७,८०० आधीच गेलेत, म्हणजे आणखी ४,३४० भरा.

आता हेच नीट करू. माहिती तंत्रज्ञान हा कलम ४४एडीए मधल्या व्यवसायांपैकी आहे. या कलमाखाली छोट्या व्यावसायिकाला तपशीलवार वह्या ठेवाव्या लागत नाहीत. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, बाकी निम्मी खर्चापोटी गेली असं कायदाच धरतो. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर हे चालतं. रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. म्हणजे त्याचं व्यवसायाचं उत्पन्न १,२०,००० आणि एकूण ९,४५,०००. कर ४६,२८०. गेलेत ५७,८००. परतावा ११,५२० रुपये.

म्हणजे तीच कमाई आणि तोच माणूस. चुकीच्या कप्प्यात टाकली तर खिशातून ४,३४० गेले, योग्य कप्प्यात टाकली तर ११,५२० परत आले. त्यासाठी आयटीआर-१ ऐवजी आयटीआर-४ भरावा लागतो, एवढाच फरक. आणि त्यानं ही कमाई लपवलीच असती, तर स्वतःचे कापलेले २४,००० त्याला मागता आले नसते आणि वर नोटीस आली असती ती वेगळीच. मात्र नोकरी करताना बाहेरचं काम चालतं का, हे आपल्या नेमणूकपत्रात आधी वाचून घ्या. तो विषय आयकराचा नाही, पण नोकरीचा आहे.

निम्म्याची ही सोय सगळ्यांना नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, हिशेब तपासणारे, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, चित्रपट कलाकार, कंपनी सेक्रेटरी, माहिती तंत्रज्ञानवाले अशी ती ठरलेली यादी आहे. आणि खरा नफा निम्म्याहून जास्त असेल, तर तो जास्तीचा आकडा दाखवणं हेच सरळ.

डबेवाल्या ताई

आता घरातून डबे देणाऱ्या ताई घेऊ. वर्षाची जमा ६ लाख. त्यातले ४ लाख यूपीआयनं आले, २ लाख रोख. हा धंदा आहे, म्हणून कलम ४४एडी. त्यात रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या जमेच्या ६ टक्के इतकं उत्पन्न किमान दाखवावं लागतं. ताईंचं किमान होतं १६,००० अधिक २४,०००, म्हणजे ४०,०००.

पण ताईंना विचारा, भाजीपाला, गॅस, डबे पोचवणाऱ्या मुलाचे पैसे जाऊन हातात काय राहतं? त्या सांगतील, दोन लाख. मग दोन लाखच दाखवा. ताईंचं दुसरं काही उत्पन्न नाही, मर्यादा तीन लाखांची, कर शून्य. कायद्यानं त्यांना रिटर्न भरायची सक्तीही नाही. तरी मी म्हणतो, भरा.

का भरा? गेल्या काही वर्षांत ज्यानं गृहकर्ज किंवा धंद्यासाठी कर्ज मागितलं असेल, त्याला ठाऊक आहे. बँक पहिल्यांदा मागते ती दोन-तीन वर्षांची रिटर्नं. सकाळी पाचला उठून पन्नास डबे भरणारी बाई बँकेच्या कागदावर 'गृहिणी, उत्पन्न नाही' अशी उरते. तिनं मोठा फ्रीज घ्यायचा ठरवला, छोटा गाळा घ्यायचा ठरवला, तर नवऱ्याच्या सहीशिवाय काही होत नाही. तीन वर्षं रिटर्न भरलेलं असेल तर तिचं उत्पन्न तिच्या नावानं उभं राहतं. व्हिसाच्या अर्जाला तेच लागतं. आणि देव न करो, रस्त्यावर अपघात झाला आणि भरपाईचा दावा करायची वेळ आली, तर कमावत्या माणसाचं उत्पन्न ठरवताना न्यायाधिकरण रिटर्नला महत्त्वाचा पुरावा मानतं. कागद नसेल तर उत्पन्न अंदाजानं धरतात, आणि तो अंदाज पुष्कळदा खऱ्या कमाईपेक्षा कमी असतो.

म्हणून माझ्या भगिनींना माझी विनंती आहे. शिकवणी, शिवणकाम, मेहंदी, फराळाच्या ऑर्डरी, योगाचे वर्ग, जे करता त्याला 'असंच थोडंफार' म्हणू नका. ते धंद्याचं उत्पन्न आहे आणि ते तुमचं आहे.

ज्याची कमाई, त्याच्या नावावर

याच्याच उलट एक प्रकार घरोघरी चालतो. नवरा नोकरीतून निवृत्त होतो, दहा लाख बायकोच्या नावावर एफडीत टाकतो आणि म्हणतो, 'व्याज तिचं.' नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर त्या भेटीवर बायकोला कर लागत नाही, हे खरं. पण त्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सुनेच्या नावावर टाकले तरी तेच. अज्ञान मुलाच्या नावावर टाकले तर आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. मुलानं स्वतःच्या गुणांवर कमावलेलं, उदाहरणार्थ एखाद्या कार्यक्रमात गाऊन मिळालेलं मानधन, तेवढं वेगळं. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलाला पैसे दिले तर मात्र त्यांच्या व्याजावर त्यांचाच कर.

सल्ल्याचं काम स्वतः करायचं आणि बिल बायकोच्या नावानं फाडायचं, हाही प्रकार मी पाहतो. काम कुणी केलं, हा प्रश्न विचारला गेला की तो टिकत नाही. आणि ज्या घरात बायको खरोखर शिकवण्या घेते, तिथे ती कमाई नवऱ्याच्या रिटर्नमध्ये का दाखवायची? दोन्ही बाजूंनी नियम एकच: ज्याची कमाई, त्याच्या नावावर.

फ्लॅटचं भाडं

दुसरा फ्लॅट भाड्यानं दिलाय, महिना २०,०००. वर्षाचे २,४०,०००. त्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर, समजा ८,०००, वजा. राहिले २,३२,०००. त्यातून ३० टक्के म्हणजे ६९,६०० दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट वजा. करपात्र राहिले १,६२,४००. रंग काढला की नाही, नळ बदलले की नाही, कुणी विचारत नाही. पण मग सोसायटीचा मेंटेनन्स त्या तीस टक्क्यांतच आला असं धरायचं, तो वेगळा वजा मिळत नाही. कर्ज असेल तर त्याचं व्याज वजा होतं. नव्या प्रणालीत ते भाड्याच्या उत्पन्नापुरतंच, त्यातला तोटा पगारातून वळता करता येत नाही. भाडेकरूचं परत करायचं डिपॉझिट हे उत्पन्न नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं दोघांनी दाखवायचं.

ज्येष्ठांसाठी एक सावधगिरीची सूचना

साठ वर्षांवरच्या मंडळींना एक मोठी सोय आहे. त्यांना आगाऊ कर, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स, भरावा लागत नाही. सगळा कर रिटर्नच्या वेळी भरला तरी चालतो. पण त्याला अट आहे: धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असता कामा नये. आपले इंजिनिअर साहेब घ्या. वय ६६, पेन्शन ६ लाख, एफडीचं व्याज २,२०,००० आणि सल्ल्याचे ३ लाख. सल्ला घेणारी माणसं घरगुती, त्यामुळे त्यावर टीडीएस नाही. पेन्शनचे ५,२५,०००, व्याजाचे २,२०,००० आणि सल्ल्याच्या निम्मे १,५०,००० मिळून ८,९५,०००. नव्या प्रणालीत कर ४१,०८०. बँकेनं व्याजावर कापले २२,०००. राहिले १९,०८०.

टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर लागू होतो. सल्ल्यामुळे साहेबांची सोय गेली, म्हणून हे १९,०८० त्यांनी १५ मार्चपर्यंत भरायला हवे होते. नाही भरले तर महिन्याला १ टक्का दरानं व्याज. ४४एडी किंवा ४४एडीए घेणाऱ्यांना १५ मार्च ही एकच तारीख आहे. बाकीच्यांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे चार हप्ते.

आणि फॉर्म १५एच. बँकेत दरवर्षी सवयीनं १५एच भरून देणारे पुष्कळ आहेत. त्या फॉर्मवर तुम्ही लिहून देता की माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे. इंजिनिअर साहेबांचा कर शून्य नाही. त्यांनी तो फॉर्म देऊ नये.

राहून गेलं असेल तर

यंदा रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. ती चुकली तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला ५,००० रुपये शुल्क, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. भरलेल्या रिटर्नमध्ये काही राहून गेलं असेल तर सुधारित रिटर्नही ३१ डिसेंबरपर्यंत.

त्याच्याही मागच्या वर्षांची कमाई दाखवायची राहिली असेल तर अद्ययावत रिटर्नचा मार्ग आहे. आधी त्याला दोन वर्षं मिळायची, यंदाच्या अर्थसंकल्पानं ती चार केली. पण थांबाल तितकं महाग. कर आणि व्याजाच्या वर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा. परतावा मागण्यासाठी मात्र हा मार्ग चालत नाही. आणि आपण गप्प राहिलो आणि खात्यानंच शोधून काढलं, तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड. जाणूनबुजून खोटं दाखवलं असेल तर २०० टक्के.

एक वही आणि एक खातं

करायचं काय, तर फार नाही. बाहेरच्या कमाईसाठी बँकेत वेगळं बचत खातं ठेवा. एक वही घाला: तारीख, कुणाकडून, कशाचे, किती, रोख की बँकेतून. खर्चाची बिलं एका पाकिटात. जुनं रिटर्न आणि वही निदान सात वर्षं जपा. रिटर्न भरायच्या आधी पोर्टलवर जाऊन एआयएस आणि २६एएस ही दोन पत्रकं उतरवून घ्या आणि वहीशी ताडून बघा. रिटर्न भरलं की तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीनं त्याची पडताळणी करा. ती राहिली तर भरलेलं रिटर्न वाया जातं.

हिशेबाची सवय आपल्याला नाही असं मी मानत नाही. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टँकरचे पैसे, लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल, चहापाण्याचे तीनशे चाळीस रुपये, सगळ्याचा जाब खजिनदारांना द्यावा लागतो. आपल्या सोसायटीलाही कप्पे पाळावे लागतात. सभासदांनी सभासदांसाठी गोळा केलेल्या वर्गणीवर आयकर लागत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे तत्त्व पुन्हा उचलून धरलं. पण गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवला तर बाहेरून आलेलं ते भाडं उत्पन्न धरलं जातं. पंचवीस वर्षं आपण सोसायटीचे हिशेब असे वेगवेगळ्या रकान्यांत चोख ठेवले. तेवढीच शिस्त आपल्या घरच्या कमाईला लावायची आहे.

मी इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.

भाषणानंतरची काही प्रश्नोत्तरे

मी घरी शिकवण्या घेते. बहुतेक फी रोख मिळते. निम्म्याचा नियम मला चालेल का?

नाही ताई. शिकवणी ४४एडीए च्या यादीत नाही. तुम्ही प्रत्यक्ष जमा आणि प्रत्यक्ष खर्च मांडा: पुस्तकं, झेरॉक्स, फळा, इंटरनेट. जे उरेल ते उत्पन्न. त्यासाठी आयटीआर-३ भरावा लागेल. रोख फी मिळाली की पावती द्या आणि वहीत लिहा. जमलं तर फी यूपीआयनं घ्यायला लागा, तुमचाच पुरावा तयार होतो.

माझं विम्याचं कमिशन आहे. डबेवाल्या ताईंसारखं मला ४४एडी घेता येईल?

नाही. कमिशन आणि दलालीचं उत्पन्न त्या कलमातून वगळलेलं आहे. तुम्हीही प्रत्यक्ष खर्च, म्हणजे प्रवास, फोन वगैरे, वजा करून आयटीआर-३ भरा. कमिशनवर कापलेला टीडीएस तुम्हाला वळता करून मिळेल.

पगार आहे आणि थोडं बाहेरचं कामही. पण मला जुनी करप्रणाली फायद्याची पडते. दरवर्षी बदलता येईल ना?

फक्त पगार असलेल्याला दरवर्षी निवड करता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं की तसं राहत नाही. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. आणि त्यानंतर एकदा नवीन प्रणालीत परत आलात की व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. तेव्हा दोन्हीकडचा कर मोजून मगच ठरवा.

एफडी आईची आणि माझी जोडनावानं आहे. पैसे आईचे, पण माझं नाव पहिलं. व्याज माझ्या एआयएसमध्ये दिसतं. काय करू?

हे फार घरांत होतं. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीसमोर अभिप्राय द्यायची सोय आहे. ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे, असं तिथे कळवा. आईच्या रिटर्नमध्ये ते व्याज दाखवा. आणि पुढच्या वेळी एफडी करताना ज्याचे पैसे त्याचं नाव आधी लिहा. म्हणजे हा सगळा खटाटोप वाचेल.

मुलाला अमेरिकेतल्या ग्राहकाकडून डॉलरमध्ये पैसे येतात. तिकडे कर कापत नाहीत. इथे दाखवायचे?

तो इथे राहतो, इथे बसून काम करतो, म्हणजे दाखवायचेच. रुपयांत हिशेब करून. तिकडून टीडीएस नसल्यामुळे आगाऊ कराच्या तारखा त्यानं स्वतः लक्षात ठेवायच्या. वर्षाची जमा २० लाखांकडे जायला लागली की जीएसटीच्या नोंदणीबद्दलही विचारून घ्यावं.

शेअर बाजारात एफ अँड ओ मध्ये मुलाचा तोटाच झाला. तोट्याचं कसलं रिटर्न?

एफ अँड ओ चं उत्पन्न धंद्यात धरतात, म्हणून आयटीआर-३. तोटा दाखवला आणि रिटर्न मुदतीत भरलं, तर तो पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो. उशीर झाला तर ती सोय जाते. नफ्यापेक्षा तोट्याच्या वर्षीच तारीख जास्त पाळा. आणि मुलाला बसवून जरा बोलाही.